सिटी बस, एक थांबा आणि स्टेशन रोड : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर, जून ते डिसेंबर २०२४

१० जून २०२४, सोमवार

शेवटच्या वर्षाची चार पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडं आली, विषय ठरवूनच आणलेला, दसरा चौक ते दाभोळकर कॉर्नर उड्डाणपूल. ड्रॉइंग पण काढून आणलं होतं आणि मेहनत घेतलेली दिसत होती, पण मी म्हटलं हे जरा बाजूला ठेवा, आधी मला सांगा तुम्ही कॉलेजला येता कसं. कागलचा गाडीवरनं, फुलेवाडीचा गाडीवरनं, उचगावचा गाडीवरनं, फक्त वडणग्याची मुलगी सिटी बसनं. तिला विचारलं बस कशी आहे, तर म्हणाली, "मॅडम, बस चांगली आहे ओ, पण ती कुठं अडकलीय ते कळत नाही, थांब्यावर उभारून उभारून पाय दुखतात." आणि बाकीचे तिघं बस का सोडून बसलेत याचं उत्तर पण तेच निघालं, कुणालाच बसचा राग नाही, भरवसा नाही एवढंच.

उड्डाणपूल तिथंच सोडला. पोरांचं तोंड पडलं हे खरं, पण आपल्याला काय माहीत करून घ्यायचंय ते आज पक्कं झालं. गर्दीत बसचा वेळ नेमका कुठं जातो, आणि त्यातला थोडा तरी पूल-बिल न बांधता परत मिळवता येतो का.

१४ जून, शुक्रवार

आज वर्गातच बसून हिशेब केला. पोरांना आधी पीसीयू समजावलं, म्हणजे एक कार जेवढा रस्ता खाते ते एक माप धरायचं आणि बाकीची वाहनं त्या मापात मोजायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०६ मध्ये, टेबलच दिलंय. रस्त्यावरच्या वाहनांत टू-व्हीलर दहा टक्क्यांच्या वर असल्या की एक गाडी म्हणजे ०.७५ कार, आणि बस थोड्याच असतील तर एक बस म्हणजे २.२ कार. आपल्याकडं टू-व्हीलर किती ते मोजायला जायची पण गरज नाही, दाराबाहेर बघितलं की झालं.

मग फळ्यावर लिहिलं, साठ माणसं. हीच साठ माणसं चाळीस गाड्यांवर बसली तर ३० कारचा रस्ता लागतो, एका बसमध्ये बसली तर सव्वादोन कारचा. कागलचा बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, मी एकटा गाडीवर येतो तेव्हा बसमधल्या माणसापेक्षा कितीतरी पट रस्ता अडवतो." मी म्हटलं होय, आणि तुझा त्यात दोष नाही, तुला वेळेवर पोचायचं असतं.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात हेच साध्या भाषेत म्हटलंय की रस्त्यावरची जागा वाहनांना नाही तर माणसांना वाटून द्यायची. अठरा वर्षं झाली त्याला. मला हे धोरण मनापासून पटतं, त्यामुळं आमच्या नोंदवहीत वाहनांच्या कॉलमशेजारी माणसांचा कॉलम असणारच, तो भरायला त्रास होतो म्हणून गाळायचा नाही असं आजच सांगून ठेवलं.

२० जून, गुरुवार

पहिली फेरी. शिवाजी चौकाजवळनं बसलो, सकाळची ऐन कॉलेज-ऑफिसची वेळ. चौघांना कामं वाटून दिली, एकानं चाकं थांबली की स्टॉपवॉच दाबायचं आणि चाकं फिरली की बंद करायचं, दुसऱ्यानं का थांबली ते लिहायचं, तिसऱ्यानं चढणारी उतरणारी माणसं मोजायची, आणि वडणग्याच्या मुलीनं काहीच न करता नुसतं बसायचं आणि नेहमी येते तशी यायचं, कारण तिला ज्या गोष्टी दिसतात त्या आम्हाला दिसणार नाहीत.

सीपीआर हॉस्पिटल, दसरा चौक, जयंती नाल्याचा पूल, व्हीनस कॉर्नर, मग स्टेशन रोडनं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँड. अंतर एवढंसं, निवांत चालत गेलं तरी अर्ध्या-पाऊण तासात होतं. सगळी फेरी आम्ही स्टॉपवॉच धरून केली आणि खाली उतरल्यावर वही बघितली तर जी कारणं मी गृहीत धरली होती ती खालच्या नंबरवर. मला वाटलं होतं सिग्नल सगळ्यात जास्त वेळ खात असतील, आणि सिग्नलवर थांबलो पण, पण सिग्नलपेक्षा जास्त वेळ बस थांब्याच्या आसपास गेलेली. प्रवासी चढ-उतारीला लागतो तो वेळ वेगळा, तो फारच कमी, मी म्हणतेय तो वेळ थांब्यापर्यंत पोचायला आणि थांब्यावरनं परत निघायला.

वडणग्याच्या मुलीला विचारलं तुला काय दिसलं. म्हणाली, "बस थांब्यावर कधी थांबतच नाही मॅडम, रस्त्याच्या मधी थांबते, मग आम्ही गाड्यांच्या मधनं पळत जाऊन चढतो. एक आज्जी होत्या त्यांना जमलं नाही, त्या राहिल्या." मी त्याच बसमध्ये होते आणि मला आज्जी दिसल्या नाहीत. हे लिहून ठेवतेय कारण मला याचं फार वाईट वाटलं.

२ जुलै, मंगळवार

आता थांबे जास्त न पसरवता एकच थांबा धरायचा ठरवला. स्टेशन रोडवरचाच आहे, चौकाच्या अलीकडचा. थांब्याचं नाव इथं लिहीत नाही, तिथल्या रिक्षावाल्यांशी आणि गाडेवाल्यांशी बोलायचंय आणि आपल्यामुळं उद्या त्यांच्यावर कारवाई झाली असं व्हायला नको.

दोन तास नुसतं उभारून बघितलं. काय होतं ते जसंच्या तसं लिहिते. थांब्याच्या शेडसमोर तीन रिक्षा, त्यांच्या पुढं एक पिकअप माल उतरवतोय, मागं दोन टू-व्हीलर स्टँडवर लावून मालक दुकानात. बस येते, तिला कडेला जागा नाही, ती दुसऱ्या रांगेत म्हणजे रस्त्याच्या मध्यावर थांबते. शेडमधली माणसं रिक्षांच्या फटीतनं बाहेर येतात. बसच्या मागं सगळं तुंबतं. तेवढ्यात पुढचा सिग्नल हिरवा होतो पण बसच्या पुढं रस्ता रिकामा आणि मागं गर्दी, म्हणजे हिरव्यातली कितीतरी सेकंदं वाया. बस निघेपर्यंत लाल. मग बसच्या मागचे टू-व्हीलरवाले उजवीकडनं समोरच्या लेनमध्ये घुसतात आणि समोरनं येणारी रांग पण थांबते. एका बसनं दोन्ही बाजू थांबल्या, आणि सगळे बघणारे म्हणतात बसमुळं ट्रॅफिक होतंय.

बसमुळं होत नाही. बसची जागा बसला मिळत नाही म्हणून होतंय. माझ्या मनात याबद्दल आता शंका उरलेली नाही.

फुटपाथ पण मोजला टेप लावून. आयआरसी १०३, २०१२ ची, तिच्यात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे असं आहे. इथं फुटपाथ कागदावर तेवढा असेल पण विजेचा डीपी, दुकानाची पायरी आणि एक बोर्ड वजा केला की मधल्या एका जागी वडणग्याच्या मुलीला सॅक पाठीवरनं काढून आडवं व्हावं लागलं, तेव्हा माणसं रस्त्यावरनं चालतात यात नवल काय.

११ जुलै, गुरुवार

ड्रायव्हर मामांशी बोलणं. ड्युटी संपल्यावर चहाला बसलो. मी त्यांना विचारलं, मधी एकदा सगळी जागा मोकळी होती, मी स्वतः बघितलं, तरी तुम्ही बस कडेला का घेतली नाही. मामा म्हणाले ते शब्दात शब्द लिहिते.

"आत शिराय शिरतो ओ मॅडम, पर भाईर कोन घेतंय? एकदा का कडंला घेतली की मागची एक गाडी थांबत न्हाई. हॉर्न मारून मारून हात दुखतोय. मग मी मधीच थांबतो, म्हंजे निघताना कुनाला ईचाराय नको."

हे मी वीस वर्षं शिकवतेय आणि हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही पुस्तकात बस-बे शिकवतो, रस्त्याच्या कडेला आत खोबण करून द्यायची की बस आत जाईल आणि बाकीची वाहनं सुटतील. वाहनं सुटतात हे खरं, पण बस आत अडकते, आणि साठ माणसं एकेका गाडीची वाट बघत आत बसून राहतात. ज्या रस्त्यावर कोणी थांबून वाट देत नाही तिथं बसला आत ढकलणं ही बसमधल्या माणसांना शिक्षा आहे.

मग उपाय काय. फुलेवाडीच्या पोरानं चहाच्या टेबलावरच बिस्किटाच्या पुड्यानं मांडून दाखवलं. थांबा चौकाच्या अलीकडं असेल तर मागनं सतत लोंढा. थांबा चौक ओलांडल्यावर पलीकडं ठेवला तर मागचा सिग्नल लाल झाला की लोंढा तुटतो आणि बसला निघायला आपोआप फट मिळते, कुणाच्या उपकाराची गरज नाही. शिवाय डावीकडं वळणारी वाहनं अलीकडंच वळून गेलेली असतात. आणि उतरलेली माणसं बसच्या मागनं रस्ता ओलांडतात, पुढनं नाही, ते पण जास्त सुरक्षित. ड्रायव्हर मामा पुड्याकडं बघत म्हणाले, "हां, हे जमतंय बघा."

२६ जुलै, शुक्रवार

फिल्डवर्क बंद. पंचगंगा धोक्याच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतात, २०१९ च्या महापुरानंतर तर सकाळी उठून आधी पाण्याची पातळी बघायची आणि मग दूध तापवायचं अशी सवयच लागलीय. वडणग्याची मुलगी नदीपलीकडंच, फोनवर म्हणाली मॅडम मी घरी बसून एक्सेल भरते.

पावसात एक गोष्ट मात्र ठळक दिसते, गावाला पर्यायी रस्ते किती थोडे आहेत. रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी साठलं की राजारामपुरी आणि सीबीएस यांच्यामधलं रोजचं दोन मिनिटांचं अंतर तुटतं, सगळं लक्ष्मीपुरीतनं नाहीतर ताराराणी चौकाकडनं फिरून यायला लागतं, आणि मग स्टेशन रोडवर जे होतं ते बघवत नाही. रेल्वे इथं १८९१ मध्ये आली, रुळांच्या या अंगाला शाहूपुरी आणि त्या अंगाला नंतर वसवलेली राजारामपुरी, दोन्ही पेठा आखून रेखून वसवलेल्या, सरळ गल्ल्या, आजही तिथं चालताना बरं वाटतं. पण त्या दोन्हींना जोडणारी दारं अजून मोजकीच आहेत आणि गाड्या मात्र घरागणिक दोन-तीन. रुंदीकरणावर बोलणारी माणसं फक्त रस्त्याची रुंदी बघतात, दारांची संख्या बघत नाहीत.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रिक्षावाल्यांशी बोलायला आज एकटीच गेले, पोरांना मुद्दाम नेलं नाही, घोळका दिसला की माणसं आधी चिडतात. सुरुवात कडकच झाली. "ताई, तुम्ही आमास्नी हटवाय आलाय व्हय?" मी म्हटलं नाही, कुठं उभारलं तर तुमचा धंदा होईल ते विचारायला आलेय.

मग बोलले. तिथं का उभारतात तर बसमधनं उतरणारं पॅसेंजर तिथंच मिळतं, आणि बसची वाट बघून कंटाळलेलं पण तिथंच मिळतं. यातलं दुसरं गिऱ्हाईक बस वेळेवर आली तर कमी होणार, हे त्यांना पण कळतं आणि मला पण, ते मी लपवलं नाही. पण पहिलं गिऱ्हाईक वाढणार, कारण बसमध्ये जास्त माणसं आली की शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरला सीट भरणारी रिक्षा लागतेच, गल्लीबोळात बस कुठं जातेय. त्यातले एक वयस्क मामा, खाकी शर्ट अगदी इस्त्रीचा, ते म्हणाले, "थांब्याच्या फुडं आमाला लाईन आखून द्या. उतरलेला मानूस फुडं बघूनच चालतोय, मागं वळून रिक्षा कोन हुडकत न्हाई."

ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. लगेच ड्रॉइंगमध्ये घेतली. चौक, मग बसची जागा, आणि तिच्या पुढं रिक्षांची रांग.

बाहेरगावच्या वडापचा, म्हणजे सीट भरून पळणाऱ्या खासगी गाड्यांचा, प्रश्न पण त्यांनीच काढला, पण तो गावाच्या वेशीवरच्या तावडे हॉटेलपासून सुरू होतो आणि एवढ्या छोट्या प्रकल्पात तो मावणार नाही. नोंद करून ठेवली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

परवानगीसाठी चार ठिकाणी फिरलो. एका ऑफिसात आमचा अर्ज दोनदा दिला आणि दोनदा हरवला, तिसऱ्या वेळी पोच घेतली, शिक्का घेतला आणि फोटो काढून ठेवला. दुसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले, "नगरसेवक असते तर त्यांनीच पाठपुरावा केला असता." खरं आहे, नोव्हेंबर २०२० पासून महापालिकेवर प्रशासक आहेत, वॉर्डातली माणसं कुणाकडं जाणार हा प्रश्नच आहे, पण म्हणून एक थांबा चाळीस पावलं पुढं सरकवायला लोकप्रतिनिधी कशाला लागतो हे मला समजलं नाही.

शेवटी जमलं ते एका ट्रॅफिक हवालदारांमुळं. ते रोज त्याच चौकात उन्हात उभारतात. त्यांना ड्रॉइंग दाखवलं तर दोन मिनिटांत समजलं, वर बोलले आणि दोन आठवडे तात्पुरतं करून बघायला हरकत नाही असा निरोप आणला. अट एकच, काही कायमचं बांधायचं नाही आणि काही झालं की लगेच उचलायचं.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. आज काम नाही, नुसतं बघितलं. मिरवणुकीमुळं गाड्या बंद आणि आख्खं गाव पायी, म्हातारी-कोतारी, बाळं खांद्यावर. एवढी माणसं त्याच रस्त्यात मावतात.

२३ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस, आणि चूक झाली. सकाळी सहाला कॉलेजच्या सर्व्हे लॅबमधले रेंजिंग रॉड, टेप, कोन आणि फक्कीची दोन पोती घेऊन गेलो. फक्की मारून बसचा चौकोन आखला, पुढं रिक्षांची लाइन आखली. पोरांनी चौकोन केला बसच्या लांबीएवढाच, वर मीटरभर मोकळा. पहिली बस आली, ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे आत घेतली आणि शेपूट रस्त्यातच राहिलं, तिरकी. मागनं बोंबाबोंब.

बस काय कपाट नाही बाजूला सरकवायला, तिला तिरकं आत यायला मागं जागा लागते आणि तिरकं बाहेर पडायला पुढं जागा लागते, हे मी स्वतः वर्गात शिकवते आणि सकाळी सहाच्या घाईत मीच तपासलं नाही. पोरांना ओरडले नाही, चूक माझी होती. साडेआठला फक्की झाडूनं पुसली आणि चौकोन जवळजवळ दुप्पट लांब केला. रिक्षांची लाइन तेवढी पुढं गेली, खाकी शर्टवाले मामा म्हणाले चालतंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रात्री पाऊस झाला आणि फक्की धुऊन गेली. सकाळी पाठ मोडेपर्यंत परत आखली. रिक्षावाल्यांनी स्वतःच तीन विटा आणून कोपऱ्यांवर ठेवल्या होत्या, पावसात रेघ गेली तरी जागा कळावी म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

दुपारी हवालदारांनी विटा काढायला सांगितल्या, टू-व्हीलरवाला धडकेल म्हणून, ते बरोबरच होतं. मग उचगावच्या पोरानं घरनं पिवळा ऑइल पेंट आणला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवसांत जुळायला लागलंय. जुन्या थांब्यावर बस रांगेच्या शेपटाला लागल्यापासून तिथनं सुटेपर्यंत आमच्या स्टॉपवॉचवर कधी दोन तर कधी तीन मिनिटं जायची, आता सिग्नल ओलांडला की सरळ चौकोनात, माणसं चढली की मागं लाल पडलेलाच असतो आणि बस निघते. आज सकाळच्या बहुतेक बस मिनिटाच्या आत सुटल्या. बहुतेक म्हणतेय, सगळ्या नाही. दोनदा चौकोनात कार लावलेली सापडली, एकदा आत माणूस बसलेला, म्हणाला दोनच मिनिटं ओ. त्याला वडणग्याच्या मुलीनं जे सांगितलं ते मी लांबनं ऐकलं. "काका, तुमची दोन मिनिटं बसमधल्या पन्नास माणसांची मिळून शंभर मिनिटं होतात." त्यानं गाडी काढली. रागानं काढली, पण काढली.

आता त्रास कुणाला झाला ते पण लिहायला पाहिजे. जुन्या थांब्याजवळ भेळेचा गाडा लावणाऱ्या मावशींचा धंदा कमी झाला, उभारलेली माणसं पुढं गेली. त्यांनी सरळ सांगितलं, "तुमचं भलं झालं बाई, माझं काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नवीन थांब्याच्या मागं फुटपाथवर जागा आहे पण तिथं गाडा लावला की चालायची रुंदी जाते, आणि आम्हीच टेप घेऊन फिरलोय. डीपीच्या पलीकडं एक कोपरा आहे जिथनं कुणी चालत नाही, तिथं उद्या मोजायचं.

२९ सप्टेंबर, रविवार

मावशींचा गाडा डीपीच्या पलीकडच्या कोपऱ्यात बसला, चालायला वाट राहते. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी तिथं भेळ खाल्ली.

आजचं मोठं काम वेळापत्रक. वडणग्याच्या मुलीची पहिल्यापासून एकच मागणी, बस कधी येणार ते थांब्यावर लिहिलेलं पाहिजे. केएमटी, म्हणजे महापालिकेची ही सिटी बस, १९६२ पासून चालतेय, शिवाजी विद्यापीठ पण त्याच वर्षीचं, म्हणजे विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या पिढ्यांच्या पिढ्या या बसनं गेल्यात, माझी आई गेली, मी गेले. रोजच्या माणसाला वेळा पाठ असतात. पण नवीन माणूस, परगावचा, अंबाबाईला आलेला भाविक, त्यानं कसं ओळखायचं? कंडक्टर लोकांनी वेळा सांगितल्या, आम्ही आठवडाभर ताडून बघितल्या आणि मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी वाचता येईल अशा, एका कागदावर लिहून लॅमिनेट करून लावल्या. वर मार्गाचं नाव, खाली वेळा, बास. मोबाइल ॲप करूया असं उचगावचा म्हणत होता. करू, पण आधी कागद, ज्या आज्जी राहिल्या होत्या त्यांच्याकडं साधा फोन असणार.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र. गुरुवारी घटस्थापना झाली आणि आज पहिला शनिवार, गाव भरून वाहतंय. महाद्वार रोड, बिंदू चौक, भवानी मंडप, सगळीकडं माणूसच माणूस, आणि बाहेरगावच्या गाड्यांना पार्किंग शोधत फिरायला लागतं. पार्किंग शोधत फिरणाऱ्या गाड्या हीच एक मोठी गर्दी असते, त्यांना कुठं जायचं नसतं, नुसती जागा पाहिजे असते. गाडी गावाबाहेर लावून बसनं आत आणण्याची सोय जिथं धड चालते तिथं लोक आनंदानं बस घेतात, आज मी डोळ्यांनी बघितलं, सोलापूरकडचं एक अख्खं कुटुंब आमचा कागद वाचत उभं होतं आणि त्यातल्या आजोबांनी बोट ठेवून वेळ वाचली आणि घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना म्हणाले थांबा, येतीय. आणि आली. चार मिनिटं उशिरा, पण आली.

नोंदवहीत हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं ते कळलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. दोन आठवड्यांची मुदत तर आधीच संपलेली, सगळ्यांच्या संमतीनं चालू होतं ते, पण आता कायमचा करायचा प्रस्ताव निकाल लागेपर्यंत कुणी हातात घेणार नाही. थांब्याची शेड जुन्या जागी आणि माणसं नवीन जागी उन्हात, ही अडचण राहिलीच. फुलेवाडीच्या पोरानं सायकलच्या दुकानातनं मोठी छत्री मागून आणली, ती दोन दिवस टिकली, तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं गेली.

रिपोर्ट लिहायला घेतलाय. पोरांना सांगितलं, रिपोर्टमध्ये आपण सगळं गाव सुधारलं असं लिहायचं नाही. एका थांब्यावर बसला प्रत्येक फेरीत मिनिट-दोन मिनिटं परत मिळाली. मार्गावर असे सात-आठ थांबे असतील आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच मिळालं, तर तीच बस, तोच ड्रायव्हर दिवसाकाठी जास्त फेरी मारू शकतो, आणि हे गणित नवीन बस घेण्याच्या आधीचं आहे. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत, ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेली ती योजना, देशात दहा हजार ई-बस यायच्या आहेत आणि तीन लाखांवर लोकसंख्येची शहरं त्यात बसतात, २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात होतं. नवीन बस येवोत, मला हव्याच आहेत, पण त्या पण याच थांब्यावर येणार आणि रिक्षा-पिकअपच्या मागं मध्यावरच उभारणार असतील तर गारेगार बसमध्ये बसून लोक तेच ट्रॅफिक बघतील.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

निवडणूक झाली, निकाल लागले, परत अर्ज दिला. या वेळी ड्रॉइंग, स्टॉपवॉचच्या नोंदी, रिक्षावाल्यांच्या सह्या, भेळेच्या मावशींचा अंगठा, ड्रायव्हर-कंडक्टर मिळून अकरा जणांच्या सह्या, सगळं जोडलं. घेणाऱ्या क्लार्क बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, "हा थांबा म्हणजे तो होय? मी तिथनंच बसते." पोच लगेच मिळाली.

पिवळा पेंट टायरांनी पुसट झालाय पण रिक्षा अजून लाइनीतच असतात.

१४ डिसेंबर, शनिवार

सबमिशन झालं. वडणग्याची मुलगी सोडून बाकी तिघांपैकी फुलेवाडीचा आठवड्यातनं तीन दिवस बसनं येतो, कागलचा आणि उचगावचा अजून गाडीवरच. त्यांच्या मार्गावर सकाळची बस त्यांच्या लेक्चरच्या वेळेत बसत नाही, ते खोटं बोलत नाहीत, मी वेळापत्रक तपासलं.

संध्याकाळी घरी जाताना थांब्यावर उतरले. आमच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर कुणीतरी मार्करनं एक वेळ खोडून शेजारी नवीन लिहिली होती, ७.१० च्या जागी ७.२५, आणि खाली बारीक अक्षरात, "सोमवारपासून बदल". पुढच्या बसच्या कंडक्टरना विचारलं हे कुणी केलं, तर म्हणाले, "मीच केलंय की मॅडम, माणसं उगीच पंधरा मिनिटं उभारत्यात." नवीन कागद करायला टाकलाय, सोमवारी सकाळच्या आत लावायचा.